झोपाळा कापू नकोस

अगं, तंजावरचं घर रिकामं करायचं काम तुझ्याकडे आलं हे बरंच झालं. तुला या वस्तूंची माया आहे, आणि माया असलेल्या माणसाच्या हातून फार नुकसान होत नाही. पण फोनवर तू सुताराचा जो बेत सांगितलास, तो ऐकल्यापासून तुझ्याशी नीट बोलावं असं वाटतंय. झोपाळ्याची फळी मधोमध कापून दोन टीपॉय, देव्हाऱ्याला पांढरा रंग, पल्लांगुळीच्या खळग्यांत मेणबत्त्या. तुझी अडचण मला कळते. चेन्नईच्या फ्लॅटमध्ये भिंती उजळ, छत ठेंगणं, सामान मोजकं. तिथे हे काळपट, जड लाकूड जसंच्या तसं नेऊन ठेवलं तर खोली दडपून जाईल. आणि माळ्यावर बांधून ठेवलं तर तुझ्या मुलांना ते कधी दिसणारच नाही. तेव्हा बदल करायचाच. फक्त एक गाठ मनाशी बांध: ज्या बदलातून माघारी येता येतं, तोच बदल कर.

साखळी आखूड केली तर काढलेल्या कड्या परत जोडता येतात. देव्हाऱ्यामागची भिंत रंगवली तर पुन्हा रंगवता येते. वस्तूची जागा बदलता येते, काम बदलता येतं. कापलेली फळी मात्र सांधत नाही, आणि नक्षीच्या खाचांत बसलेला ऑइलपेंट नक्षी झिजवल्याशिवाय निघत नाही. उद्या तुझ्या मुलीला तो देव्हारा मूळ रूपात हवासा वाटला, तर तिला तो मिळायला हवा. तू या वस्तूंची मालकीण आहेस, पण शेवटची नाहीस.

आपल्यासारख्या घरांत या वस्तूंचं मोल आणखी एका कारणाने आहे. व्यंकोजीराजे 1676 च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले, 1855 मध्ये राज्य खालसा झालं, आणि राजांच्या मागोमाग आलेली आपल्यासारखी मराठी घरं मात्र कावेरीकाठीच राहिली. म्हणून आपल्या स्वयंपाकघरात पोळपाट आणि काठवटीशेजारी मसाल्याची अंजरैप्पेट्टी दिसते, माजघरात पाट-चौरंगाशेजारी पल्लांगुळीचा खेळ, आणि नवरात्रात घटाबरोबर गोलूच्या, म्हणजे बाहुल्या मांडायच्या, पायऱ्या. मराठी आणि तमिळ वस्तू वेगवेगळ्या करून मांडू नकोस. एकाच कपाटात, एकाच फळीवर ठेव. पुण्यातल्या घरात काठवट मिळेल, मैलापूरच्या घरात पल्लांगुळी मिळेल. दोन्ही एकत्र आपल्याकडेच मिळतात. पाहुण्याने विचारलं की आपल्या घराण्याची गोष्ट तिथूनच सुरू होते.

आता कामाचं सांगते. सुताराला, म्हणजे आपल्या आशारींना, बोलावण्याआधी आत्याजवळ बस. प्रत्येक वस्तूचा फोटो काढ आणि ती कोणाच्या लग्नात आली, कोणी करवून घेतली, कुठल्या खोलीत असायची, ते आत्याच्याच शब्दांत लिहून घे. मग तो कागद पातळ पाकिटात घालून त्या वस्तूच्या खाली किंवा आत ठेव, चिकटवू नकोस. कारैकुडीला मुनीश्वरन कोविल रस्त्यावर जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. चेट्टिनाडच्या मोडलेल्या वाड्यांचे दरवाजे, खांब, पेट्या तिथे ओळीने विकायला ठेवलेल्या असतात. एकेक दरवाजा पाहत राहावा असा. पण तो कोणाच्या उंबरठ्यावर होता हे तिथे कोणी सांगू शकत नाही. आपल्या वस्तूंचं तसं होऊ नये म्हणून हे लिहिणं, पॉलिशच्याही आधी.

मोठा पेटारा उपसशील तेव्हा तळाचे कागद रद्दीत टाकू नकोस. मोडीतला एखादा हिशेब, पत्र, दानपत्र निघालं तर सरस्वती महाल ग्रंथालयात दाखव. मोडी कागदांचा तिथे मोठा संग्रह आहे, आणि तंजावरच्या तमिळ विद्यापीठानेही मोडी कागदपत्रांवर काम केलेलं आहे. पेटारा पुढे तुझ्या पलंगाच्या पायथ्याशी गाद्या-रजया ठेवायला फार छान होईल. वर एक पातळ गादी घातलीस की बसायलाही.

नंतर कीड तपास. ही पायरी गाळू नकोस, कारण भुंगा लागलेली एक वस्तू नव्या फ्लॅटमधल्या सगळ्या लाकडी सामानाला धोका. लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली तर घाबरून जाऊ नकोस, ती पन्नास वर्षांपूर्वीचीही असू शकतात. ब्रशने भोकं झाडून घे, वस्तूखाली काळा कागद पसर आणि तिला हलवू नकोस. दोन-तीन आठवड्यांनी बघ. कागदावर पिठासारखी फिकट भुकटी पडलेली असेल तर कीड जिवंत आहे. पाट किंवा पेटीसारखी लहान, साधी, बिनरंगाची वस्तू असेल तर प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेव. बाहेर काढल्यावर एक दिवस तशीच गुंडाळलेली राहू दे, नाहीतर गार लाकडावर पाणी सुटतं. चित्र, वीणा, रंगवलेल्या बाहुल्या यांना हा उपाय चालत नाही. मोठ्या सामानासाठी बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं द्रावण वापरतात, पण ते कोऱ्या लाकडातच मुरतं. पॉलिशवरून लावलं तर नुसतं ओघळून जातं. म्हणून ते फळीच्या खालच्या बाजूने, सांध्यांत, जिथे पॉलिश नाही तिथे लावायला सांग.

पॉलिशबद्दल आशारी विचारतील, "पीयू मारू का? आरशासारखं चमकेल." आधी आपल्या वस्तूवर काय आहे ते बघ. फळीच्या खालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून हलकेच टेकव. थोड्या वेळात तो भाग चिकट झाला आणि कापसावर तपकिरी रंग उतरला, तर ते चपड्या लाखेचं जुनं स्पिरिट पॉलिश आहे. जुन्या घरांत बहुधा तेच असतं. या पॉलिशचा गुण असा की चरा पडला, गरम कपाचा पांढरा डाग उठला, तर तेवढाच भाग पुन्हा लाखेने सावरता येतो. मेलामाइन किंवा पीयूचा थर टणक असतो, टिकतोही, पण एकदा खराब झाला की सगळाच घासून काढावा लागतो, आणि घासताना लाकडाचा वरचा पदर जातो. तो पदर म्हणजे सत्तर-ऐंशी वर्षांच्या हातांनी आलेला रंग. तो दुकानात मिळत नाही. तेव्हा पीयूला नाही म्हण. मऊ कापडाने धूळ काढ, काजळी आणि तेलाचा थर असेल तर टर्पेंटाइनचा बोळा आधी कोपऱ्यात लावून बघ आणि मग सावकाश फिरव. जिथे पॉलिश अगदीच उडालंय तिथेच पुन्हा लाख, आणि शेवटी मेणाचा पातळ हात. खोबरेल चोळू नकोस. चार दिवस चकाकतं, मग त्यावर धूळ बसून चिकट थर होतो.

कामाची वेळही महत्त्वाची. ऑक्टोबर ते डिसेंबर आपल्याकडे ईशान्य मोसमी पाऊस, तेव्हा लाकूड फुगतं. त्या दिवसांत ड्रॉवर अडकला म्हणून रंधा मारून घेतलास, तर मार्चमध्ये तोच ड्रॉवर सैल होऊन खडखडेल. उन्हाळा लागेपर्यंत थांब. चेन्नईत नेल्यावर एसीचा झोत आणि पश्चिमेचं ऊन या दोन्हींपासून वस्तू लांब ठेव. कावेरी डेल्टाच्या दमट हवेत मुरलेलं लाकूड कोरड्या झोतात तडकतं.

आता तुझा झोपाळा. ती फळी एकसंध सागाची आहे. एवढ्या रुंदीचा एकसंध साग आज मिळवायचा म्हटला तर वखारी पालथ्या घालाव्या लागतील. जवळून बघ तिच्याकडे: पुढची कड मधल्या भागात जराशी खोलगट झालीय, बसणाऱ्यांच्या पोटऱ्या लागून लागून. कोपऱ्यातल्या पितळी कड्यांभोवती लाकूड काळं पडलंय आणि तिथे बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं. आपल्याकडच्या किती लग्नांतला ऊंजलचा, म्हणजे वधूवरांना झोका द्यायचा, विधी या फळीवर झाला! तिचे दोन टीपॉय केले तर दोन सामान्य टीपॉय मिळतील आणि ही फळी जाईल.

टांगता आला तर टांगच. फ्लॅटमध्ये लोक झोपाळा टांगतात, त्यात अवघड काही नाही, पण घाई नको. तंजावरच्या घरात तो लाकडी तुळईला होता. तुझ्याकडे काँक्रीटचा स्लॅब आहे. हुक नुसत्या स्लॅबच्या गिलाव्यात कधीही बसवू देऊ नकोस. इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनियरला विचार, तुळई कुठून जाते ते पाहून घे, आणि चारही हुक असे निवड की त्यांतला कोणताही एक सगळा भार पेलू शकेल. हलत्या झोपाळ्याचा ताण बसलेल्या माणसांच्या वजनापेक्षा बराच जास्त असतो. ठेंगण्या छताला साखळी लांब पडेल, तेव्हा कड्या मोजून काढून घे आणि कापडी पिशवीत नाव लिहून ठेव. पुढे-मागे झोका जायला मोकळी जागा लागते, म्हणून सोफा भिंतीला सरकव. खरं तर झोपाळा आला की मोठा सोफा लागणारच नाही. तुझ्या उजळ भिंतीसमोर एकटा झोपाळा, खाली साधी कोरी चटई, एवढंच ठेवलंस तर खोली मोकळी दिसेल आणि नवीही.

इंजिनियर नाही म्हणाला, तर लोखंडी चौकट करून घे. चार पायांवर चार उभ्या खुंट्या, आणि त्या खुंट्या फळीत आधीपासून असलेल्या कड्यांच्या भोकांत बसतील अशा. एकही नवं भोक नाही, खिळा नाही, गोंद नाही. खिडकीजवळ बैठकीचा बाक होईल, वर दोन उशा. तुला किंवा मुलीला पुढे उंच छताचं घर मिळालं की फळी उचलायची आणि साखळ्या लावायच्या.

देव्हाऱ्याला पांढरा रंग द्यायचा तुझा विचार का आला, ते मला माहीत आहे. धुराने तो काळा झालाय आणि पांढऱ्या स्वयंपाकघराशेजारी तो जड वाटतो. आधी टर्पेंटाइनने काजळी उतरव. मूळचा रंग बघून तुझं मन बदलेल अशी माझी खात्री आहे. मग रंग द्यायचाच असेल तर मागच्या भिंतीला दे, फिकट हळदी किंवा मातकट. देव्हारा जमिनीवरून उचलून साध्या, बिननक्षीच्या बैठकीवर ठेव म्हणजे नक्षी डोळ्यांच्या उंचीला येईल. समई आत न ठेवता समोर पितळी ताटात लाव, छताला पुन्हा काजळी धरणार नाही. उंबऱ्यावरची हळद-कुंकवाची बोटं मात्र घासू नकोस. ती पणजीपासूनची आहेत. नक्षीचा एखादा तुकडा निखळला असेल तर पेरंबलूर जिल्ह्यातल्या अरुंबावूरला कोरीव कामाचे कारागीर आहेत. त्यांच्या कामाला 2020 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. त्यांना नमुना दाखवून तुकडा करून घे. तो जुन्याहून किंचित वेगळा दिसला तरी चालेल. कुठलं जुनं आणि कुठलं नवं हे पुढच्यांना कळायला हवं.

लहान वस्तूंनी तुझं घर सर्वांत लवकर सजेल. पल्लांगुळीच्या सातसात खळग्यांच्या दोन ओळी. त्यांत मेणबत्त्या लावल्यास मेण मुरेल आणि उष्णतेने लाकूड चिरेल. त्यापेक्षा ती टीपॉयवर उघडी ठेव आणि शेजारी वाटीत चिंचोके किंवा कवड्या. मुलं येता-जाता खेळायला बसतील, आणि खेळणं खेळल्यानेच जपलं जातं. अंजरैप्पेट्टी तुझ्या ड्रेसिंग टेबलवर ठेव, कानातली आणि टिकल्या ठेवायला. तिला पाण्याने धुवायचं नाही, कोरड्या ब्रशने झाडून सावलीत उघडी ठेवायची. जिऱ्या-मोहरीचा वास राहिला तर राहू दे. काठवट जेवणाच्या टेबलावर फळांसाठी. पाट दोन-तीन एकावर एक रचून त्यावर दिवा किंवा पुस्तकं ठेव, पण चपला घालायला बसण्यासाठी ते दाराशी नेऊ नकोस. ज्या पाटावर जेवायला बसले, मुंजी झाल्या, तो चपलांपाशी बघून आत्याचा जीव तुटेल, आणि तिचं बरोबरच असेल.

मरप्पाच्ची बाहुल्यांची जोडी तुला आईने लग्नात दिली, ती गोलूच्या पहिल्या पायरीवर मांडायची. ती रक्तचंदनाची आहे. रक्तचंदनाची तोड आणि व्यापार आज कायद्याने बांधलेला आहे, नव्या जोड्या पुष्कळदा दुसऱ्या लाकडाच्या असतात. तुझ्या या बाहुल्यांना पॉलिश, वॉर्निश काही लावू नकोस, नवे कपडे शिव. वर्षभर त्या पुस्तकांच्या कपाटात उभ्या राहिल्या तरी हरकत नाही. नवरात्र आलं की पहिल्या पायरीवर परत. आणि गोलूच्या त्या लांब फळ्या टाकून द्यायच्या यादीत तू घातल्यास, त्या काढून घे. भिंतीवर लोखंडी ब्रॅकेट लाव आणि त्यांवर फळ्या नुसत्या ठेव. वर्षातले साडेअकरा महिने पुस्तकांची मांडणी, नऊ रात्री पायऱ्या. नव्या घराला याहून सोयीचं लाकूड मिळणार नाही.

भिंतीसाठी तुझ्याकडे दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही नाजूक. तंजावर चित्र नुसतं चित्र नसतं. खाली फणसाची किंवा सागाची फळी, तीवर कापड, कापडावर खडूच्या पुडीचा आणि डिंकाचा थर, मग खडे, सोन्याचा वर्ख, रंग. ओलं फडकं लागलं की खडूचा थर फुगतो आणि वर्ख सुटतो. म्हणून पुसायचं नाही, मऊ कोरड्या ब्रशने फक्त चौकट झाडायची. बाहेरच्या ओल्या भिंतीवर टांगू नकोस, मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लाव म्हणजे हवा खेळेल. खडा पडला तर फेव्हिक्विक लावू नकोस, लिफाफ्यात ठेव. नवा वर्ख चढवून "पहिल्यासारखं" करून देणारे भेटतील. त्यांना दारातूनच नमस्कार. तुला चित्र नव्या घरात शोभावं असं वाटतं ना? मग भिंतीवर ते एकटंच लाव, बाजूला भरपूर रिकामी जागा सोड, आणि वरून मंद पिवळा दिवा. जुन्या चौकटीत सोनं आपोआप उजळतं.

आजोबांची वीणा टांगायची असेल तर खिडकीपासून लांब. तिचे चोवीस पडदे मेण आणि कोळशाच्या पुडीच्या लगद्यात बसवलेले असतात. ऊन लागलं की मेण मऊ होतं, पडदे सरकतात आणि स्वर बिघडतात. वाजवत नसाल तर तारा थोड्या सैल करून ठेव. पण त्याआधी तंजावरच्याच वीणा करणाऱ्यांना एकदा दाखव. पनरुटीकडचं फणसाचं लाकूड आणून तिथे आजही वीणा घडतात, 2013 मध्ये तंजावर वीणेला भौगोलिक मानांकन मिळालं. वाजती झाली आणि तुझी मुलगी शिकायला लागली तर ती भिंतीवर कशाला राहील!

दोन गोष्टी कायद्याच्या. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात, त्या परदेशी नेता येत नाहीत. काही प्रकारांची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे नोंदणीही लागते. दादा अमेरिकेला काही नेऊ म्हणाला तर आधी चौकशी करायला सांग. पोळपाट-लाटणं, काठवट, आत्याच्या हातची लिहिलेली वही असं घरगुती, अलीकडचं नेऊ दे.

वाटणीत वस्तू फोडू नका. मरप्पाच्चीतली एक तुला आणि एक वहिनीला, असं करू नका. चौरंग एकाकडे आणि त्याचे चार पाट दुसऱ्याकडे, असंही नको. एक संच एका घरी, आणि बाकीच्यांना त्याचे फोटो आणि गोष्ट. ज्या वस्तूला खरंच कोणाकडे जागा नाही, ती भंगारात घालण्याआधी चेन्नईजवळच्या दक्षिणचित्र संग्रहालयाला विचार. 1996 पासून त्यांनी दक्षिणेतली जुनी घरंच्या घरं तिथे उभी केली आहेत, अशा वस्तूंची त्यांना कदर आहे. दहा जणांनी पाहिलेली वस्तू माळ्यावर कुजणाऱ्या वस्तूपेक्षा केव्हाही चांगली.

आणि एकदम सगळं करायला जाऊ नकोस. थकशील, चिडशील, मग कोणीतरी म्हणेल "विकून टाक" आणि तू हो म्हणशील. या शनिवारी फक्त आत्याजवळ बसून लिहून घे आणि गोलूच्या फळ्यांखाली काळा कागद पसर. आशारींना सांग की झोपाळ्याला करवत लावायची नाही, चौकटीचं माप तेवढं घ्या. पैशाचं काही अडलं तर मला कळव, झोपाळ्याच्या चौकटीचा खर्च माझ्याकडून. मी काही उपकार करत नाही, त्या झोपाळ्यावर माझाही हक्क आहे. कागदावर काय दिसतं ते पाहिलंस की फोन कर. तोवर स्पिरिटची बाटली आणि कापूस घेऊन ठेव, पॉलिशची परीक्षा आपण दोघी मिळून करू.

तुझी,
अक्का